फ्रेंच, ई५ आणि सी८ वरचा उंट

काळे मोहरे हाती आले आणि समोरच्यानं ई४ केलं की मी ई६ करते, दुसरं काही करायचा विचारही मनात येत नाही. (अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी, आणि मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची.) मग तो डी४, मी डी५, आणि आमच्या भागात, म्हणजे दारव्हा-दिग्रस-आर्णी ह्या पट्ट्यात, बहुतेक जण तिसऱ्या चालीला मारामारी टाळून ते प्यादं सरळ पुढं ढकलतात, ई५. ई४ ला काळ्याचं ई६ हे उत्तर म्हणजे फ्रेंच डिफेन्स, आणि त्यात पांढऱ्यानं असं ई५ ढकललं की त्याला ॲडव्हान्स व्हेरिएशन म्हणतात. माझं ठाम मत आहे की ज्या पोरांना कोच नाही, क्लास नाही, घरी बुद्धिबळाचं एक पुस्तक नाही, त्यांनी काळ्याकडून हेच शिकावं. पण त्यात खड्डेही आहेत, चांगले खोल आहेत, आणि ते न सांगता नुसतं "फ्रेंच खेळा, फ्रेंच खेळा" म्हणणं मला पटत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

गावात माझं ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पोरांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म, हेच दिवसभर चालतं. साईट फिरत बसली की लोक बाहेरच्या बाकड्यावर टेकतात आणि त्या बाकड्यावर पट मांडलेलाच असतो. संध्याकाळी शाळा सुटली की पोरं येतात. आधी चार-दोन मुलंच यायची, पण जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी, तेव्हापासून पोरीही यायला लागल्या. टीव्हीवर आपल्या विदर्भाची १९ वर्षांची मुलगी आईच्या गळ्यात पडून रडताना पाहिली ना सगळ्यांनी. दुसऱ्याच दिवशी एक आई पोरीला हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "इले बी शिकवजा बापा ते, घरी मोबाईलच पाहून राह्यते नुसती."

तर शिकवायचं म्हटलं की पहिला प्रश्न तोच, काळ्याकडून काय खेळायचं.

पोरं शिकून येतात कुठून, तर मोबाईलवरून. आणि मोबाईलवर आधी काय दिसतं, तर चार चालींत मात. वजीर एच५ ला, उंट सी४ ला, दोघांची नजर एफ७ च्या प्याद्यावर, धपकन मात. ते जरा जुनं झालं की मग घोडा जी५ ला आणून पुन्हा एफ७ च. एफ७ ला राखायला राजाशिवाय कोणी नसतं म्हणून सगळ्यांचा डोळा तिथंच. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत, १४ वर्षांखालच्या गटात तर निम्मे डाव असेच संपतात, पोरगं आठ-दहा चालींत रडवेलं होऊन बाहेर येतं आणि पुढल्या वर्षी येतच नाही. मला ते फार लागतं. एवढ्या लांबून एसटीनं आलेलं पोरगं, आईनं डबा बांधून दिलेला, आणि पाच मिनिटांत खेळ खतम.

ई६ केलं की सी४ वरून एफ७ कडं जाणारी उंटाची वाट पहिल्याच चालीला बंद. बस. फ्रेंचचा पहिला गुण माझ्या दृष्टीनं हाच, बाकी थिअरी-बिअरी नंतर. पोरगं निदान वीस-पंचवीस चाली पटावर टिकतं, आणि टिकलं तर शिकतं.

दुसरा गुण थोडा आमच्याकडचा आहे. पारावरच्या म्हाताऱ्यांचं बुद्धिबळ देशी, त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, नाही, आणि राजाला शह लागला नसेल तर तो डावात एकदा घोड्यासारखा अडीच घर उडी मारू शकतो. ज्या पोरांनी आजोबाच्या मांडीवर बसून तो खेळ पाहिला त्यांना ई६, मग डी५, अशी सावकाश सुरुवात बिलकुल परकी वाटत नाही. आमच्या गल्लीतल्या आबाजींनी मला फ्रेंच खेळताना पाहिलं तेव्हा नाव-गाव काही न विचारता म्हणाले, "हे बेस आहे पोरी, पह्यले आपलं घर पाह्यनं, मंग दुसऱ्याच्या वावरात शिरनं."

आता ई५ झाल्यावर पटावर काय होतं ते पाहा. पांढऱ्याची प्यादी डी४ आणि ई५ वर, काळ्याची डी५ आणि ई६ वर, चौघं एकमेकांत अडकलेली. मधला भाग बंद. पांढऱ्याला राजाच्या बाजूला ऐसपैस जागा, कारण ई५ चं प्यादं काळ्याच्या घोड्याला एफ६ वर बसूच देत नाही. काळ्याला जागा कमी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सी८ वरचा उंट. तो पांढऱ्या घरांचा, आणि काळ्याची डी५, ई६ ही प्यादीही पांढऱ्याच घरांवर, म्हणजे आपल्याच प्याद्यांनी आपल्याच उंटाचा रस्ता अडवलेला. फ्रेंच खेळणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य ह्या एका उंटाच्या काळजीत जातं असं म्हटलं तरी चालेल. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, हा उंट तं जागचा हालतच नाई, कायचा फायदा याचा?"

मी म्हणते हालवू नको त्याला अजून, आधी सी५ कर.

सी५ ही ह्या सगळ्याची किल्ली आहे आणि ती चौथ्या-पाचव्या नाही, तिसऱ्याच चालीला पाहिजे, ई५ आलं की लगेच सी५. कारण पांढऱ्याच्या प्याद्यांची साखळी आहे ना, ई५ वरचं प्यादं तिचा शेंडा आणि डी४ वरचं तिचं बूड, आणि तुरीचं झाड उपटायचं तर कोणी शेंडा ओढत नाही, बुडाशी हात घालतात. ही साखळीच्या बुडावर हल्ल्याची गोष्ट पद्धतशीर मांडली ती रिगाच्या ॲरन निमझोविचनं, आणि गंमत अशी की तो स्वतः हे व्हेरिएशन पांढऱ्याकडून खेळायचा. १९११ ला कार्ल्सबादला साल्वेविरुद्धचा त्याचा डाव आजही दाखवतात, त्यात त्यानं डी४ आणि ई५ ही दोन्ही प्यादी जाऊ दिली आणि त्या मोकळ्या झालेल्या घरांवर आपले मोहरे आणून बसवले. म्हणजे ज्यानं बुडावर मारायला शिकवलं त्यानंच बूड गेल्यावरही कसं जगायचं ते दाखवलं. मी हा डाव मोठ्या पोरांना दाखवते, लहानांना नाही, लहानांच्या डोक्यात एकच गोष्ट राहू दे, डी४.

त्यामुळं पुढच्या चाली पाठ करायला लागतच नाहीत, त्या आपोआप सुचतात. सी५, मग घोडा सी६, मग वजीर बी६, मग दुसरा घोडा ई७ किंवा एच६ वरून एफ५ ला. प्रत्येक चाल डी४ कडं बघणारी. पांढरा सी३ करून आधार देतो, घोडा एफ३ ला आणतो, आणि त्याला सारखं मोजत राहावं लागतं की डी४ वर माझे किती आणि ह्याचे किती. खेड्यातल्या पोरांसाठी मी फ्रेंच का म्हणते त्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. शहरातली क्लासला जाणारी मुलं सिसिलियन, इटालियन असल्या ओपनिंगच्या पंधरा-पंधरा चाली पाठ करून येतात, त्यांच्याशी पाठांतरात आमची पोरं पुरी पडणार नाहीत, पण मोजणीत पडतात. अगदी आरामात पडतात.

मागच्या हिवाळ्यातला एक डाव सांगते. आमच्याकडची आठवीतली एक पोरगी, समोर जिल्ह्याच्या ठिकाणचा एक मुलगा, चांगला तयारीचा, बोटं भराभर चालत होती त्याची. ई४ ई६, डी४ डी५, ई५ सी५, सी३ घोडा सी६, घोडा एफ३ वजीर बी६, उंट ई२. इथं हिनं सी५ च्या प्याद्यानं डी४ वर मारलं, त्यानं सी३ च्या प्याद्यानं परत मारलं, मग हिचा घोडा ई७ ला. त्यानं कॅसलिंग केलं, अगदी सवयीनं, न थांबता. हिचा घोडा एफ५ ला आला. आता त्यानं थांबून पाहायला पाहिजे होतं, पण त्याचा दुसरा घोडा बाहेर यायचा राहिला होता म्हणून त्यानं तो सी३ ला आणून ठेवला, जिथं घोडा सहसा बसतोच.

पोरगी हाताची घडी घालून बसली. मी खोलीच्या दारात उभी होते, आत जायची परवानगी नसते, पण तिचे ओठ हलताना दिसत होते. मोजत होती. सी६ चा घोडा एक, एफ५ चा घोडा दोन, बी६ चा वजीर तीन. त्याच्याकडून एफ३ चा घोडा एक, डी१ चा वजीर दोन. पुन्हा मोजलं. मग तिनं एफ५ चा घोडा उचलला, डी४ वरचं प्यादं खाल्लं आणि घड्याळ दाबलं. त्या मुलानं मान वर केली तेव्हा त्याला कळलं. डाव पुढं बराच लांबला, पण एक प्यादं वर घेऊन ती शेवटपर्यंत गेली आणि त्याच प्याद्याचा वजीर केला. बाहेर आल्यावर म्हणते, "ताई, त्यानं बूडच सोडून देल्लं, म्या तं नुसतं मोजलं."

म्हणून तयारीचा माणूस तिथं सवयीनं कॅसलिंग न करता एक चाल आधीच तो घोडा ए३ ला आणि तिथून सी२ ला नेतो, डी४ ला तिसरा आधार द्यायला. पटाच्या काठावरून घोडा न्यायचा हे दिसायला विचित्र दिसतं पण पांढऱ्यासाठी तेच बरोबर आहे. येवगेनी स्वेश्निकोव्ह ह्या ग्रँडमास्टरनं आयुष्यभर पांढऱ्याकडून हे ॲडव्हान्स खेळून दाखवलं, त्याचे डाव नेटवर मिळतात, पाहा जरूर, समोरचा काय करू शकतो हे कळल्याशिवाय आपलं ओपनिंग आपल्याला कळत नाही.

आता खड्डे.

पहिला खड्डा हव्यासाचा, आणि तो बरोबर ह्याच डी४ वर खणून ठेवलेला आहे. समजा सहाव्या चालीला पांढऱ्यानं उंट ई२ ऐवजी डी३ ला आणला. आपण सी५ नं डी४ मारलं, त्यानं परत मारलं. आता वजिराच्या आणि डी४ च्या मध्ये त्याचाच उंट उभा आहे, म्हणजे डी४ ला राखण एकट्या घोड्याची, आणि आपले दोघे त्यावर तुटून पडायला तयार. पोरगं मोजतं, दोन विरुद्ध एक, आणि घोड्यानं मारतं. घोड्याला घोडा मारला, वजिरानं घोडा मारला, प्यादं फुकट मिळालं म्हणून खूश, आणि पांढरा उंट बी५ ला टाकून शह देतो. उंट बाजूला झाला, डी लाईन उघडली, शह टाळावाच लागणार, आणि डी४ वरचा आपला वजीर गेला. नुसतं मोजणं इथं पुरत नाही, कोणाच्या मागं कोण उभा आहे तेही पाहावं लागतं.

उपाय सोपा आहे आणि मला तो फार आवडतो, कारण तो त्या बदनाम उंटाकडूनच होतो. डी४ मारायच्या आधी उंट सी८ वरून डी७ ला. एक घर. आता बी५ चा शह राहिलाच नाही, कारण मध्ये आपला उंट उभा. आणि मग डी४ वरचं प्यादं खरंच खाता येतं. पांढरा कॅसलिंग करून ते खाऊही देतो, दोन्हीकडचे घोडे डी४ वर मारले जातात, मग तो दुसरा घोडा सी३ ला काढतो आणि एका प्याद्याच्या बदल्यात वेग घेतो. ह्याला मिल्नर-बॅरी गॅम्बिट म्हणतात. हे स्टुअर्ट मिल्नर-बॅरी दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश फोडणाऱ्या टीममध्ये होते, तिथल्या हट ६ ह्या विभागाचे पुढं प्रमुखही झाले. पोरांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात, आणि गॅम्बिट लक्षात राहतं ते वेगळंच. माझं स्वतःचं मत, प्यादं खावं, पण ते खाल्ल्यावर ई५ चं दुसरंही लगेच खायला जाऊ नये, आधी ए६ करून घोड्याची बी५ ची वाट बंद करावी. दुसरं खाल्लं की पांढऱ्याचा हत्ती उघड्या ई लाईनवर येतो, आपला वजीर पळत राहतो आणि राजा अजून मधेच उभा. मोठे खेळाडू ते निभावून नेतात, तेराव्या वर्षी नाही निभावत.

दुसरा खड्डा जास्त भयंकर आहे. एफ६ वर घोडा नाही म्हणजे एच७ ला राजाशिवाय कोणी वाली नाही. पोरं शिकलेली असतात की कॅसलिंग लवकर करावं, चांगली सवय आहे, पण फ्रेंचमध्ये ई५ आल्यावर राजाच्या बाजूला घाईनं कॅसलिंग केलं आणि पांढऱ्याचा उंट डी३ वर, घोडा एफ३ वर असला की उंट एच७ वर येऊन आदळतो, शह. राजानं खाल्ला, घोडा जी५, शह, राजा मागं गेला की वजीर एच५ ला, आणि मात वाचवणं कठीण. हा बळी शेकडो वर्षं जुना आहे, आणि ई५ चं प्यादं पुढं असलं की तो नेमका बसतो. मी पोरांना सांगते, ॲडव्हान्समध्ये मधला भाग बंद आहे, राजा ई८ वर काही काळ सुखानं राहू शकतो, घाई नको. आधी डी३ च्या उंटाचं काय ते पाहा, आपला घोडा एफ५ ला बसला का ते पाहा, नाहीतर एफ६ नं ई५ च्या प्याद्याला धक्का द्या, मग जा. ज्या पोराला हे नीट समजलेलं नाही त्याला मी स्पर्धेत फ्रेंच खेळू देत नाही, सरळ सांगते, अजून नको.

आणि तिसरा खड्डा स्वभावाचा. फ्रेंच खेळता खेळता काही पोरं नुसती गुंडाळून बसायला शिकतात. सी५ करत नाहीत, एफ६ करत नाहीत, घोडे मागच्या दोन ओळींत फिरवत राहतात, आणि पांढरा आरामात जागा वाढवत वाढवत शेवटी गळा आवळतो. ई६ नं दार बंद केलं म्हणजे सुरक्षित झालो असं वाटतं, ते खरं नाही, फ्रेंचमध्ये दार बंद करायचं ते आत बसून वार करायला. म्हणून माझ्याकडं नियम आहे, जो काळ्याकडून फ्रेंच खेळतो त्यानं पांढऱ्याकडून ई४ च खेळायचं आणि मोकळे डाव खेळायचे, उंट सी४, कॅसलिंग, हत्ती मधल्या लाईनीत, सगळं. काही जाणकार म्हणतात की सुरुवातीला काळ्याकडूनही ई४ ला ई५ हेच उत्तर शिकवावं, मोहरे मोकळे खेळवता आले पाहिजेत, फ्रेंच वगैरे नंतर. त्यांचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. ज्याच्याजवळ रोज चूक दाखवणारा कोच आहे त्यानं ई५ जरूर शिकावं. आमच्याकडं चूक दाखवणारा तालुक्याच्या स्पर्धेतला समोरचा मुलगाच असतो आणि तो पहिल्याच फेरीत भेटतो.

त्या उंटाबद्दल थोडं अजून, कारण मला त्याच्याबद्दल बोलायला आवडतं. त्याला बाहेर काढायच्या वाटा आहेत, सावकाशीच्या आहेत, पण आहेत. एक, सी६ वरचा घोडा हलला की डी७ वरून बी५ ला जाऊन पांढऱ्याच्या त्या धोकादायक डी३ च्या किंवा ई२ च्या उंटाशी अदलाबदल. आपला सगळ्यात वाईट मोहरा देऊन त्याचा सगळ्यात चांगला घ्यायचा, ह्याच्यापेक्षा चांगला सौदा पटावर क्वचितच मिळतो. दुसरी वाट बी६ करून ए६, पण त्यासाठी वजीर बी६ वर नको. आणि तिसरी, जी पाहून आमची पोरं टाळ्या वाजवतात, एफ७ चं प्यादं पुढं गेल्यावर डी७ वरून ई८, ई८ वरून एच५. सगळा डाव मागच्या कोपऱ्यात बसलेला उंट एकदम राजाच्या बाजूला येऊन एफ३ च्या घोड्यावर रोखलेला. ज्या डावात हे जमतं त्या डावात मला जिंकण्या-हरण्याचं फारसं वाटत नाही, खरंच. पोरांनाही मी तोच डाव पुन्हा मांडून दाखवते.

तिसऱ्या चालीला सगळेच ई५ करत नाहीत हेही सांगितलं पाहिजे. काही जण डी५ चं प्यादं मारून टाकतात, एक्स्चेंज व्हेरिएशन. दोन्ही बाजू एकसारख्या होतात आणि लोक म्हणतात झाला ड्रॉ. पण मला तसं वाटत नाही. फ्रेंचला फ्रेंच हे नाव ज्यामुळं पडलं तो लंडन आणि पॅरिसच्या क्लबांमधला टपालानं खेळलेला सामना, १८३४ ते १८३६, त्यात लंडननं बरोबर हेच केलं, तिसऱ्या चालीला प्यादं मारलं, आणि तरी काळ्याकडून पॅरिसनं तो डाव जिंकला. दोन्ही डाव पॅरिसचे. टपालानं एकेक चाल, दोन वर्षं! माझी पोरं दहा मिनिटांच्या डावात घड्याळाकडं बघून कासावीस होतात. एक्स्चेंजमध्ये एकच फायदा लक्षात ठेवायचा, आपला सी८ चा उंट तिसऱ्याच चालीला मोकळा झाला, ई६ वरचं प्यादं गेलं, आता तक्रारीला जागा नाही, खेळा.

आणि कोणी म्हणत असेल की फ्रेंच जुनं झालं, आता कोणी खेळत नाही, तर त्यानं नोव्हेंबर २०२४ आठवावा. सिंगापूरला विश्वविजेतेपदाचा सामना, गुकेश विरुद्ध डिंग लिरेन, पहिलाच डाव. गुकेशनं ई४ केलं, डिंगनं ई६. चौथ्या चालीला गुकेशनं ई५ ढकललं आणि ४२ चालींत काळ्याकडून डिंग जिंकला. सामना पुढं गुकेशनंच जिंकला, १२ डिसेंबरला तो जगज्जेता झाला, आणि आम्ही केंद्रासमोर पेढे वाटले, पण त्या पहिल्या दिवशी मात्र माझी पंचाईत झाली होती, मन गुकेशकडं आणि डोळे काळ्या मोहऱ्यांकडं. त्या डावात साखळी तीच, जागेची चणचण तीच, आणि सी५ तेच. पोरांना म्हटलं पाहा, बाकड्यावर जे मोजता तेच तिथं मोजून राहिले.

आता सध्या आमचं कुठं अडलंय ते सांगते. ती आठवीतली पोरगी आता नववीत गेली, १७ वर्षांखालच्या गटात खेळणार. तालुका, जिल्हा झाला की अमरावती विभाग, आणि तिथं समोरचे तिसऱ्या चालीला ई५ करणार नाहीत, घोडा सी३ ला आणतील. आतापर्यंत मी तिला तिथं डी५ नं ई४ मारायला शिकवलं होतं, रुबिनस्टाइन व्हेरिएशन, सरळ, सुरक्षित, फारसं पाठांतर नाही. पण तिनं मोबाईलवर विनावर पाहिलं, फ्रेंचचंच दुसरं व्हेरिएशन. उंट बी४ ला आणून घोड्याला बांधायचं, ई५, सी५, मग ए३ आलं की उंट देऊन घोडा घ्यायचा आणि पांढऱ्याची प्यादी सी लाईनवर दुहेरी करून ठेवायची. १९६० ला ब्युनोस आयर्सला वोल्फगांग उलमाननं ह्याच विनावरनं बॉबी फिशरला हरवलं होतं, जर्मनीच्या ड्रेसडेनकडचा हा माणूस ई४ ला जन्मभर फ्रेंचच खेळला. तो डाव तिनं शोधून काढला, मी नाही.

विनावरमध्ये मात्र काळ्या घरांचा आपला चांगला उंट देऊन टाकायचा आणि सी८ चा तो वाईट ठेवायचा, म्हणजे मी इतकी वर्षं जे सांगत आले त्याच्या उलटंच. शिवाय सहाव्या चालीला घोडा ई७ ला गेला की सातवीला पांढऱ्याचा वजीर जी४ ला येऊन जी७ च्या प्याद्यावर बसतो. तिथं तीन रस्ते. कॅसलिंग करायचं, राजा एफ८ ला सरकवायचा, नाहीतर वजीर सी७ ला नेऊन जी७ आणि एच७ दोन्ही प्यादी त्याला खाऊ द्यायची आणि तोवर त्याचा मधला भाग फोडायचा. मी म्हणते कॅसलिंग, राजाला आसरा आधी. ती म्हणते, "नाई ताई, खाऊ द्या त्याले, त्याचा वजीर तिकडं गुंतला का इकडं आपले तीन त्याचे दोन." काल संध्याकाळी वीज गेली तरी मोबाईलच्या उजेडात वजीर सी७ च मांडून बसली होती, आज मी तिच्याविरुद्ध पांढरे मोहरे घेऊन ती दोन्ही प्यादी खाऊन पाहणार आहे.